नव्या विमानात शौचालयाचं दार किती रुंद?

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जवळच्या पल्ल्याची जुनी जेट विमानं टप्प्याटप्प्याने काढून त्यांच्या जागी नव्या पिढीची विमानं आणायचं एका विमान कंपनीने ठरवलं आहे, ही बातमी आपण पहिल्या पानावर सविस्तर दिलीत. इंधन किती वाचेल, आवाज किती कमी होईल, जागा किती वाढतील, वायफाय असेल की नाही, सगळं त्यात होतं. मी ती दोनदा वाचली. मला हवी असलेली ओळ दोन्ही वेळा सापडली नाही. व्हीलचेअरवरच्या माणसाला या नव्या विमानात लघवीला जाता येणार आहे का?

असं थेट विचारायला संकोच वाटतो, पण न विचारून भागत नाही. अठरा वर्षांपूर्वी अपघातात माझ्या मणक्याला इजा झाली, तेव्हापासून पाय चालत नाहीत. कामासाठी वर्षातून दहा-बारा वेळा विमानाने जावं लागतं. लोक म्हणतात, दीड-दोन तासांचा तर प्रवास, तेवढी कळ कुणीही काढेल. पण व्हीलचेअरच्या प्रवाशाला सगळ्यांच्या आधी आत नेतात आणि सगळे उतरल्यावर बाहेर काढतात. दोन तासांचं उड्डाण मला साडेतीन तासांना पडतं. उड्डाणाला उशीर झाला, तर त्याहून जास्त. म्हणून आदल्या रात्री जेवणानंतर मी पाणी बंद करते. सकाळी चहासुद्धा घेत नाही. मणक्याची इजा झालेल्यांना मूत्रमार्गाचा संसर्ग मुळातच लवकर होतो आणि पाणी तोडलं की तो ओढवून घेतल्यासारखंच होतं. डॉक्टर रागावतात. माझ्या ओळखीतले व्हीलचेअरवरचे बहुतेक जण तरीही हेच करतात.

गेल्या वर्षी एकदा हिशोब चुकला. दारं बंद झाली आणि विमान दीड तास जागचं हललं नाही. हवेत गेल्यावर मी बेल दाबली. केबिन क्रूमधल्या दोघी खरोखर मनापासून धावल्या. विमानातली घडीची अरुंद खुर्ची मागून आणली. माझ्या सीटच्या वाटेकडच्या हाताला, बिजागरीजवळ खालच्या बाजूने एक छोटी कळ असते, ती दाबली की हात वर होतो. ती कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, मीच बोट लावून दाखवलं. मग मला उचलून त्या खुर्चीवर घेतलं, छातीला आणि गुडघ्यांना पट्टे आवळले. कोपर कुणाला लागू नये म्हणून दोन्ही हात छातीशी दुमडून मी मागे निघाले. दोन्ही बाजूंचे प्रवासी नजर खाली घालून बसले होते. शौचालयापाशी पोचलो. घडीचं दार उघडलं, तर खुर्ची आत शिरेना. ती उंबऱ्यावरच थांबली आणि तिथून आतल्या भांड्यापर्यंतचं दीड हाताचं अंतर मला कसंही पार करता येणार नव्हतं. एकीने ब्लँकेटचा पडदा धरला होता. तो तिने तसाच धरून ठेवला, कारण पुढे काय करायचं हे कुणालाच कळत नव्हतं. आम्ही परत फिरलो. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. चूक तिची नव्हतीच. विमान विकत घेताना कुणीतरी आतला आराखडा मंजूर केला होता, तिथे हे ठरून गेलं होतं.

जुन्या विमानांवर माझा जीव जडलेला नाही. जवळच्या पल्ल्याचं विमान वर्षांपेक्षा फेऱ्यांनी म्हातारं होतं. प्रत्येक उड्डाणात केबिनमध्ये हवेचा दाब भरतो आणि उतरताना सुटतो, तसा सांगाडा फुगतो आणि आक्रसतो. 1988 च्या एप्रिलमध्ये हवाई बेटांमधल्या छोट्या फेऱ्या करणाऱ्या अलोहा एअरलाइन्सच्या बोईंग 737 चं पुढचं छत हवेतच फाटून उडालं, एका केबिन क्रूचा जीव गेला. विमान 19 वर्षांचं होतं, पण त्याच्या फेऱ्या 89 हजारांवर गेल्या होत्या. नवी इंजिनंही खरोखर चांगली आहेत. एअरबस ए320 निओ आपल्या आधीच्या ए320 पेक्षा सुमारे 15 टक्के कमी इंधन पिते, आणि एक किलो विमान-इंधन जळलं की 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे ही बचत लहान नाही. नवी विमानं यावीतच.

पण नवं विमान म्हणजे आतूनही पुढारलेलं, असं आपण गृहीत धरतो, तिथे फसगत होते. गेल्या दहा-बारा वर्षांत एका वाटेच्या (सीटच्या रांगांमधून चालायला एकच वाट असलेल्या) विमानांमधली शौचालयं कित्येक कंपन्यांनी उलट लहान केली. भिंत आत घेतली, बेसिन आखडलं आणि वाचलेल्या जागेत सीटची आणखी एक रांग बसवली. मुळात वाटच अरुंद असते. विमानाला प्रमाणपत्र देण्याच्या अमेरिकी नियमांत वाटेची किमान रुंदी जमिनीपासून 25 इंच उंचीपर्यंत 15 इंच, म्हणजे जेमतेम 38 सेंटिमीटर, आणि त्यावर 20 इंच ठेवली आहे. विमानातली खुर्ची इतकी चिंचोळी असते ती यामुळे. या वाटेतून माणूस जातो. अडतो तो दारात.

कायदाही दारापर्यंतच येतो. युरोपीय संघाच्या 2006 च्या नियमानुसार गरज असेल तर प्रवाशाला शौचालयापर्यंत जायला मदत करणं विमान कंपनीला बंधनकारक आहे. पण शौचालय केवढं असावं, याचं माप त्यात नाही. अमेरिकेत अपंग प्रवाशांच्या हक्कांचा कायदा 1986 मध्ये झाला आणि 1990 च्या नियमांनी दोन वाटांच्या मोठ्या विमानांत व्हीलचेअरसाठी योग्य शौचालय सक्तीचं केलं. एका वाटेच्या विमानांना तेव्हा सूट मिळाली. ती उठवायला 2023 उजाडलं. नव्या नियमानुसार 125 किंवा जास्त जागांच्या एका वाटेच्या विमानात निदान एक शौचालय असं हवं, की प्रवासी आणि मदतनीस दोघंही धिप्पाड पुरुष असले तरी आत मावतील. मात्र हा नियम 2033 पासून मागणी नोंदवलेल्या किंवा 2035 पासून ताब्यात आलेल्या विमानांनाच लागू आहे. विमान सहज 25 वर्षं चालतं. 2034 मध्ये आलेलं विमान 2059 पर्यंत उडेल. आज दहा वर्षांचं असलेलं व्हीलचेअरवरचं मूल तोवर चाळिशी ओलांडेल आणि त्याच दारापाशी अडेल.

म्हणूनच ही बातमी मला महत्त्वाची वाटली. एकदा विमान आलं की शौचालय मोठं करायला आतली रचना सहसा कुणी बदलत नाही. त्यासाठी नळ, टाक्या, गॅली (क्रूचं छोटं स्वयंपाकघर) सगळं हलवावं लागतं, पुन्हा मंजुरी घ्यावी लागते आणि तेवढे दिवस विमान जमिनीवर उभं राहतं. मागणी नोंदवतानाच ही निवड करता येते, आणि तेव्हा ती अवघडही नसते. ए320 कुटुंबासाठी एअरबसची स्पेस-फ्लेक्स नावाची रचना बऱ्याच वर्षांपासून आहे. शेवटच्या टोकाला दोन शौचालयं शेजारी-शेजारी असतात आणि मधली भिंत बाजूला केली की दोन्हींचं मिळून एक मोठं होतं. ही रचनाच मुळी जागा वाचवण्यासाठी केलेली आहे, त्यामुळे ‘एक रांग कमी होईल’ हे कारण इथे चालत नाही. (तिच्यात क्रूची गॅली फार आक्रसते, अशी क्रूची तक्रार आहे आणि ती खरी आहे. त्यांचंही ऐकलं पाहिजे.)

दोन तासांची कळ काढा म्हणणाऱ्यांना आणखी एक सांगते. एका वाटेची विमानं आता जवळच्याच पल्ल्याची राहिलेली नाहीत. एअरबसच्याच ए321 एक्सएलआर या विमानाचा पल्ला 8,700 किलोमीटर आहे आणि 2024 च्या नोव्हेंबरपासून आयबेरिया या स्पॅनिश कंपनीने ते विमान माद्रिदहून बोस्टनला, अटलांटिकपार न्यायला सुरुवात केली. सात-आठ तास.

सामानाच्या कप्प्याच्या दाराकडेही कुणी पाहत नाही. माझी बॅटरीची खुर्ची म्हणजे माझे पाय आहेत, ती विमानाच्या पोटात टाकूनच मी उडते. बोईंग 737 च्या त्या दाराची उंची 90 सेंटिमीटरच्या आत आहे, ए320 चं सव्वा मीटरच्या आसपास. उंच पाठीची खुर्ची कमी उंचीच्या दारातून आडवी करून घालावी लागते, आणि आडवी घातलेल्या खुर्चीची कळ मोडते, चाक वाकतं. माझी दोनदा मोडली आहे. दुसऱ्या वेळी दुरुस्तीला पाच आठवडे गेले आणि तेवढे दिवस मी घरातल्या घरात अडकून पडले. कुठलं मॉडेल घ्यायचं याची तुलना करताना इंधनाच्या रकान्याशेजारी या दाराच्या उंचीचा रकाना कुणी आखत असेल, असं मला आजवर ऐकायला मिळालेलं नाही.

आपल्याकडे माझं मागणं एवढंच आहे. आपले प्रतिनिधी या कंपनीच्या अधिकाऱ्यांना पुन्हा भेटतील तेव्हा त्यांनी माझ्यासाठी तीन गोष्टी विचाराव्यात. नव्या विमानांच्या आतल्या आराखड्यावर सही झाली आहे का? त्यात व्हीलचेअरवरून वापरता येईल असं एक तरी शौचालय आहे का, आणि त्याचं दार किती रुंद? बॅटरीची खुर्ची सामानाच्या कप्प्यात उभी जाईल का? उत्तरं ‘सर्व प्रवाशांच्या सोयीचा विचार केला आहे’ अशी आली, तर पुन्हा विचारावं. सही व्हायची असेल, तर तो आराखडा बघायला मी आणि माझ्यासारखे आणखी दोघं-तिघं आपापल्या खुर्च्या घेऊन यायला तयार आहोत. कारखान्यात लाकडी नमुना उभा करतात, तो असेल तर अधिकच बरं. दारातून आत जाता येतं की नाही, ते पाच मिनिटांत कळेल.

आपली,
एक नियमित वाचक