सोन्याला पिशवीत कोंबू नका

रेडिंग, इंग्लंड

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालीस, सोन्या बोक्याला रेबीजची लस टोचून आणायची आहे आणि दादा म्हणतोय, बाजाराच्या पिशवीत घालून वरून गाठ मारू. तेवढ्यात फोन तुटला, पण माझ्या डोक्यातून ते जाईना. म्हणून सविस्तर लिहिते. वाचून झालं की दादालाही दे.

आई, पिशवी नको. बोका घाबरला की चावणार, ओरबाडणार, आणि रस्त्यात पिशवी फाटली तर वाईच्या रहदारीत तो पुन्हा हाती लागणार नाही. इथे इंग्लंडमध्ये कुत्र्यामांजरांत रेबीज नाही, त्यामुळे परदेशी न्यायचं नसेल तर मांजरांना ती लसही देत नाहीत. तुमच्याकडे तसं नाही. सोन्या चावला किंवा नखं लागून रक्त आलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगली 15 मिनिटं धुवायची आणि सरळ दवाखाना गाठायचा. हळद लावून बसू नका.

आमच्या मांजरीचं, शेवंतीचं तुला माहीत आहेच. थायरॉईड वाढलंय, भरपूर खाते तरी वजन उतरतं. रक्त आणि रक्तदाब तपासायला तिला वरचेवर न्यावं लागतं. मांजर न्यायची पेटी दिसली की ती पलंगाखाली पार भिंतीला चिकटून बसायची. ओढून आणली तर चारही पाय पेटीच्या दाराच्या कडांना रोवायची, पाठीची कमान करायची आणि घशातून असा आवाज काढायची की माझ्या पोटात खड्डा पडायचा. इथल्या डॉक्टरबाईंनी मला एक गोष्ट नीट समजावली. घाबरलेल्या मांजराचा रक्तदाब चढतो, रक्तातली साखरसुद्धा वाढते. मग आकड्यात आजार किती आणि भीती किती, हे डॉक्टरांना कसं कळणार? म्हणजे तपासणी दवाखान्यात नाही, घरात पेटीपाशीच सुरू होते.

तेव्हापासून आमची पेटी माळ्यावर जात नाही. बैठकीच्या खोलीतच असते, दार काढलेली, आत तू दिलेल्या गोधडीचा तुकडा. आधी खाणं पेटीशेजारी ठेवलं, मग उंबऱ्याशी, मग अगदी आत. घाई केली नाही. आता दुपारी ऊन त्या कोपऱ्यात आलं की शेवंती आपणहून आत जाऊन झोपते. दार पुन्हा बसवलं तेव्हाही आधी नुसतं लोटायचं, लगेच उघडायचं, खाऊ द्यायचा. सोन्याला सुकट आवडते ना? तीच वापर, चिमूटभर.

अजून लसीला वेळ आहे, म्हणून पेटी आत्ताच आणा. साताऱ्याला मिळेल. कडक प्लॅस्टिकची आणि वरचा भाग सुटा होणारी बघा. इथे डॉक्टर वरचा भाग काढतात आणि शेवंती खालच्या भागात गोधडीवर बसलेली असतानाच रक्तदाब मोजतात, तिला ओढून बाहेर काढत नाहीत. तुमच्या गुरांच्या दवाखान्यातही असं करायला कुणी नाही म्हणणार नाही. नुसतं आधी सांगायचं.

जायच्या दिवशी जेवण थोडंच दे, नाहीतर गाडीत ओकेल. आधी त्याला लहान खोलीत घेऊन दार लावा, जिथे कपाटाखाली शिरता येणार नाही. आपली मोरी बरी. तरीही आत जात नसेल तर पेटी उभी करा, दार वर. टॉवेलात गुंडाळून, मागचे पाय हाताने सावरून, शेपटीकडून हळूच खाली सोडा. पुढचं दिसत नाही म्हणून पाय रोवायला त्याला जागाच सापडत नाही. मानगूट धरून उचलायचं नाही, हे बाबांना मुद्दाम सांग. लहानपणापासून सगळे तसंच करतात, पण मोठ्या बोक्याला त्याने त्रासच होतो.

पेटीवर जुनी साडी टाक. काही दिसलं नाही की तो शांत राहील. फक्त हवा खेळू दे. रिक्षाने जा, दुचाकीवर नको. पेटी पायाशी सपाट ठेवा. दवाखान्यात कुत्री असतील तर जमिनीवर ठेवू नका, बाकावर किंवा मांडीवर घ्या. इथे मांजरांच्या पेट्यांसाठी उंच फळ्या असतात, त्या याचसाठी.

फारच बिथरत असेल तर आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारा. भीती उतरवायचं औषध ते वजन बघून देऊ शकतात. पण बाबांच्या डब्यातली कुठलीही गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल तर मांजराला विषच आहे.

पेटीचे पैसे मी दादाच्या खात्यात टाकतेय, त्याने नको म्हटलं तरी. लस झाली की पुढची तारीख कार्डावर लिहून घे आणि कार्डाचा फोटो मला पाठव. बाबांना नमस्कार, छोटीला पापा.

तुझी,
मुक्ता