यंदाच्या संगीत महोत्सवासाठी देणगीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

महोत्सव तोंडावर आला आहे आणि मंडळाच्या खात्यात मांडवापुरतेही पैसे नाहीत. कारण बहुतेकांच्या कानावर आहेच. एका बड्या कंपनीने यंदाचा सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली होती; कार्यकारिणीने नकार दिला. कराराचा मसुदा कोणीही कार्यालयात येऊन वाचावा. मंडळाच्या नावाआधी कंपनीचे नाव, पुढच्या तीन रांगा त्यांच्या पाहुण्यांना, नवोदितांच्या सकाळच्या सत्राऐवजी त्यांच्या मालाची माहिती. आणि तळाशी बारीक अक्षरांत: इथे गायलेल्या कलाकाराने सहा महिने आसपास कुठेही गायचे नाही.

ही अट नवी नाही. अमेरिकेतल्या कोचेला महोत्सवाच्या अशाच बंधनाविरुद्ध २०१८ मध्ये एका छोट्या आयोजकाने कोर्टात धाव घेतली होती. मोठ्यांचे निभते, वर्षभर छोट्या बैठका घेणारी मंडळे मात्र कलाकारांवाचून बसतात. बरे, दिलेला हात शेवटपर्यंत राहील याचाही नेम नाही. ब्रिटनमध्ये जून २०२४ मध्ये कलाकारांच्या निषेधानंतर बार्कलेज बँकेने लाइव्ह नेशन या आयोजक कंपनीच्या महोत्सवांचे प्रायोजकत्व ऐन मोसमात थांबवले.

आपला महोत्सव उभा राहिला तो माणसांवर. आपल्या बाईंनी निवृत्तीच्या रकमेतून तंबोऱ्यांची पहिली जोडी दिली आणि पावतीवर नाव घालू दिले नाही (म्हणून इथेही घालत नाही, सगळे ओळखतातच). ध्वनिव्यवस्था बघणाऱ्या दादांनी आजवर पुरते बिल कधी लावले नाही. अवकाळी पाऊस आला त्या रात्री अंगातला रेनकोट काढून त्यांनी मिक्सरवर टाकला, स्वतः भिजत उभे राहिले, आणि द्रुत बंदिश सुरूच राहिली. आज नावारूपाला आलेली आपली गायिका पहिल्यांदा बसली ती याच सकाळच्या सत्रात, समोर जेमतेम दहा-बारा श्रोते. अजूनही ती बिदागीचे पाकीट न उघडता परत करते. या सर्वांचे ऋण मंडळावर आहे.

नकार कळवल्यावर अभिनंदनाचे फोन पुष्कळ आले. देणगी त्यातल्या मोजक्यांनीच दिली, हे लिहिताना वाईट वाटते. कंपनीला हो म्हणायला हवे होते असे ज्यांचे मत आहे, त्यांनी ते सर्वसाधारण सभेत मांडायचे होते. ती सभा गणपूर्तीअभावी तहकूब करावी लागली! प्रायोजकांशी आमचे वैर नाही. स्मरणिकेत जाहिरात जरूर द्यावी. कोणी गायचे हे मात्र मंडळ ठरवेल.

देणगी रोख किंवा धनादेशाने (मंडळाच्या नावे), कार्यालयात सायं. ६ ते ८, रविवार बंद; पावती आठवणीने घ्यावी. पैसे शक्य नसल्यास कलाकारांचा मुक्काम, वाहन, मांडवात दोन हात, काहीही चालेल. मांडववाल्यांना आगाऊ रक्कम द्यायची असल्याने महिनाअखेरीपर्यंत कळवावे.

आपला नम्र,
कार्यवाह

ता. क. गेल्या महोत्सवात नेलेल्या सतरंज्या अद्याप परत आलेल्या नाहीत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी देणगी देण्यास येताना सोबत आणाव्यात.