आई-बाबा, यंदा दिवाळीला येणं जमणार नाही

प्रिय आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला तीन रविवार प्रयत्न केला, पण प्रत्येक वेळी आईच आधी विचारते की तिकीट काढलं का, आणि मग माझी जीभच वळत नाही, "बघते गं" म्हणून मी दादाच्या पोरांवर विषय नेते. म्हणून लिहूनच सांगते. यंदा दिवाळीला मी येत नाहीये. कॉन्ट्रॅक्ट फेब्रुवारीपर्यंत वाढवलंय आणि ते मी स्वतःहून वाढवलंय, कंपनीने जबरदस्ती केली नाही, हे आधीच सांगते म्हणजे बाबा आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरवर चिडणार नाहीत.

का वाढवलं ते नीट सांगते. आमच्या कंपनीची इथे कझाकस्तानात, एकिबास्तुझमध्ये दोन कामं आहेत, एक खाणीतलं (कोळसा खालीच क्रश करून कन्व्हेयरने वर आणायचा) आणि दुसरं पॉवर स्टेशनच्या कोल हँडलिंगचं, जुने बेल्ट आणि ड्राइव्ह काढून नवीन बसवायचे. म्हणजे बाबा, तुमचंच डिपार्टमेंट. तुम्ही एकतीस वर्षं जे केलं तेच मी इथे उणे तापमानात करतेय. दुसरं काम थंडीच्या आधी संपायला हवं होतं, कारण इथे पॉवर स्टेशनचं सगळं रिपेअर उन्हाळ्यात उरकतात, पण आमचे गिअरबॉक्स दोन महिने उशिरा आले. भारतातून इथे सरळ रस्ता नाही ना, मधे पाकिस्तान-अफगाणिस्तान, त्यामुळे माल जहाजाने चीनला आणि तिथून रेल्वेने. सरहद्दीवर गेज बदलतो, चीनचे रूळ 1435 मिलिमीटर आणि या सगळ्या जुन्या सोव्हिएत देशांचे 1520, तेव्हा प्रत्येक कंटेनर क्रेनने उचलून दुसऱ्या गाडीवर ठेवतात. आता गिअरबॉक्स बसलेत, अलाइनमेंट सुरू आहे, आणि कमिशनिंगला, ज्याला इथे पुस्कोनालाद्का म्हणतात, त्याला इलेक्ट्रिकलच्या आम्ही दोघीच आहोत. मी निघून आले तर ती बिचारी एकटी पडेल.

पण खरं कारण एवढंच नाहीये.

आई, तुला वाटतं की इथली थंडी म्हणजे आपल्या हिवाळ्यात शाल घेतो तसलं काहीतरी जास्त. गेल्या जानेवारीत इथे उणे 38 झालं होतं. आपल्या चंद्रपूरला मे महिन्यात 47 होतं, म्हणजे फरक केवढा झाला तो बाबा सांगतील. इतक्या थंडीत लोखंडसुद्धा ठिसूळ होतं, साधं स्टील हातोड्याने काचेसारखं तडकू शकतं, म्हणून स्ट्रक्चरला वेगळ्या ग्रेडचं स्टील लागतं, सोव्हिएत काळापासून 09गे2एस नावाचं, ड्रॉइंगवर तो नंबर नसेल तर इथला इन्स्पेक्टर कागद बाजूला सारतो. काँक्रीट ओततात तर आत वायरी घालून करंट सोडतात आणि गरम ठेवतात, नाहीतर सेट व्हायच्या आधी पाणीच गोठतं. डंपरची इंजिनं रात्रभर बंद करत नाहीत. वॅगनमध्ये ओला कोळसा असेल तर तो दगडासारखा एकच ढेकूळ होऊन बसतो. आपल्याकडे पावसाळ्यात चिखल-कोळसा च्यूटमध्ये चिकटायचा आणि तुम्ही रात्री दोनला उठून जायचात, आठवतं? इथे ते हिवाळ्यात होतं.

आणि अशा थंडीत या गावाची घरं गरम होतात ती घरातल्या हीटरने नाही. औष्णिक केंद्रातून गरम पाणी मोठमोठ्या पाइपांतून गावभर फिरतं, पाइप जमिनीच्या वरून जातात, रस्ता आला की कमानीसारखे वर चढून पलीकडे उतरतात, आणि प्रत्येक घरात भिंतीला लोखंडी रेडिएटर, त्याला हे लोक बतारेया म्हणतात. आपल्याकडे जी उष्णता कूलिंग टॉवरमधून आभाळात जाते ती इथे लोकांच्या स्वयंपाकघरात येते, बाबा, मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कितीतरी वेळ विचार करत बसले होते. पण त्याची दुसरी बाजू अशी की केंद्र बंद पडलं की फक्त दिवे जात नाहीत. 2022 च्या नोव्हेंबरअखेर इथे तेच झालं, 27 तारखेला गावाच्या हीटिंगच्या केंद्रात बिघाड झाला, बाहेर उणे 30 च्या आसपास, आणि कित्येक इमारती गार पडल्या, रेडिएटर आतलं पाणी गोठून फुटले. आणीबाणी जाहीर झाली, पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. मी तेव्हा इथे नव्हते. पण माझी घरमालकीण अजून सांगते, की ती आणि नात कोट घालून, टोपी घालून, एका पलंगावर झोपायच्या आणि गॅसवर विटा तापवून पायाशी ठेवायच्या. ती नात आता आठ वर्षांची आहे, मला हिंदी गाण्यांचे अर्थ विचारते. ऑक्टोबरात हीटिंग सिझन सुरू होतो आणि आमचा बेल्ट तोपर्यंत चालायला हवा. मी लाडू खात बसेन आणि इथे बेल्ट ट्रिप होत असेल, हे मला जमणार नाही. तुमच्याच घरात वाढलेय.

बाबा, आता तुमच्यासाठी. कोळसा बघून तुम्हाला एकदम ओळखीचं वाटेल, कारण राख 40 टक्क्यांच्या वर, अगदी आपल्यासारखी, आणि धुऊनही निघत नाही कारण ती कोळशात बारीक मिसळलेली आहे. म्हणजे तेच सगळं, च्यूटचे लायनर झिजणार, ईएसपीवर (धुरातली राख पकडणाऱ्या यंत्रावर) लोड, अॅश पाइप घासून घासून फुटणार. पण थर मात्र असा की आपल्याकडे कुणी विश्वास ठेवणार नाही, एकमेकांवर बसलेले तीन थर मिळून शंभर मीटरपेक्षा जाड कोळसा आणि वर माती फार नाही, म्हणून सगळं उघड्या खाणीतून. बोगातिर म्हणून जी मोठी खाण आहे, 1970 ला सुरू झालेली, तिने सोव्हिएत काळात एका वर्षात पाच कोटी टनांवर कोळसा काढला होता. तेव्हा काठावर उभं राहिलं की खालची अख्खी मालगाडी मुंग्यांच्या रांगेसारखी दिसायची म्हणतात, कारण रूळच खाणीत उतरवले होते आणि चाकाला बादल्या लावलेले ते अजस्र रोटर एक्स्कॅव्हेटर थेट वॅगन भरायचे. कोळसा इथल्या स्टेशनांना जातोच, पण सीमेपलीकडे रशियात उरल भागातही जातो, कारण हे सगळं बांधलं तेव्हा मधे देशाची सीमा नव्हती, एकच देश, एकच ग्रिड. चिमणी तर काय सांगू, दुसऱ्या मोठ्या स्टेशनची 419.7 मीटर, जगात सगळ्यात उंच, 1987 ला पुरी झाली. आणि इथून कोकशेताऊकडे जाणारी लाइन 1150 किलोव्होल्टसाठी बांधलेली, जगात तेवढ्या व्होल्टेजवर दुसरी कुठलीच लाइन तशी चालली नाही, देश फुटल्यावर ती 500 वर आणली. टॉवर अजून तसेच उभे आहेत, त्यांच्याखालून जाताना मला दर वेळी गाडी थांबवाविशी वाटते.

नव्वदीत फार वाईट दिवस काढलेत या लोकांनी. आमचा फोरमन सांगतो की पगार महिनोन्महिने नाही, कधी पैशाऐवजी पिठाची पोती. तो जर्मन वंशाचा आहे, 1941 ला स्टालिनच्या सरकारने व्होल्गा नदीकाठच्या जर्मन लोकांना उचलून कझाकस्तानात आणून टाकलं त्यात त्याची आजी होती. त्याचे बहुतेक नातेवाईक नंतर जर्मनीला निघून गेले, हा नाही गेला. मी विचारलं का, तर म्हणाला की चार नंबरचं युनिट माझ्या वडलांनी लावलंय.

आणि ज्या बाईबद्दल मला तुम्हाला मुद्दाम सांगायचंय ती म्हणजे आमची बेल्ट ऑपरेटर. साठीच्या जवळ, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, आधी टर्बाइन हॉलमध्ये ओव्हरहेड क्रेन चालवायची, इथे क्रेनवर बायकाच जास्त असतात हे मला नवीनच होतं. आम्ही नवीन व्हायब्रेशन सेन्सर लावलेत, स्क्रीनवर सगळं हिरवं होतं, आणि ही गॅलरीतून चालता चालता थांबली, लाकडी दांडा एका आयडलरच्या (बेल्टखालच्या रोलरच्या) ब्रॅकेटला टेकवला, दुसरं टोक कानाला लावलं, आणि मला म्हणाली "स्लीशिश?" म्हणजे ऐकू येतंय का? मी कान लावला. बाबा, तो आवाज मला माहीत होता! मी सहावीत असताना विश्वकर्मा पूजेला तुम्ही मला प्लांटमध्ये नेलं होतं आणि असाच स्क्रूड्रायव्हर माझ्या कानाला लावून म्हणाला होता, "ऐक, बेअरिंग रडून राहिलं." मी तिला तेच वाक्य मोडक्यातोडक्या रशियनमध्ये सांगितलं, माझे बाबा असं म्हणायचे म्हणून. ती काही बोलली नाही, नुसती माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. रोलर काढला तर बेअरिंगचा चुरा झालेला. तेव्हापासून ती मला "दोच्का" म्हणते, म्हणजे लेक.

आई, तुझी एक माफी मागायचीय. जानेवारीत तू व्हिडिओ कॉलवर गालाला काय झालं विचारलंस आणि मी अॅलर्जी म्हणाले. ती अॅलर्जी नव्हती. मी वाऱ्यात पट्टी न बांधता पंधरा मिनिटं ट्रान्सफर टॉवरवर उभी राहिले, चूक माझीच, गाल पांढरा पडला आणि मला कळलंही नाही, कारण तिथे दुखणंच बंद होतं. याच बाईने ओरडून मला आत ओढलं आणि आपला उघडा तळवा गालावर धरून बसली, चोळू दिलं नाही. सालटी निघाली, आता डागही नाही. खोटं बोलले ते मला आजपर्यंत सलतंय.

खाण्याची काळजी करू नकोस. चहा दुधाचाच असतो इथे, कझाक लोक आपल्यासारखाच दूध घालून पितात, आणि बावर्साक म्हणून तळलेले पिठाचे गोळे मिळतात, गोड न घातलेल्या गुलगुल्यासारखे. घोड्याचं मांस मी खात नाही हे सगळ्यांना माहितीये, मला वेगळा बटाटा करून ठेवतात. तूर डाळ आणि गोडा मसाला मात्र संपत आलाय, सहकारी दिवाळीनंतर नागपूरहून येतोय, त्याच्याकडे दे, आणि दे तेव्हा तुझ्या हातची सांबारवडी नको, टिकणार नाही, चिवडा दे.

बाबा, खोकल्याचा एक्स-रे काढला का ते मला फोनवर "हो हो" करून सांगू नका, रिपोर्टचा फोटो दादाकडून पाठवा. डॉक्टरांनी फुंकून बघायची टेस्ट सांगितली असेल तर तीही करा. मी इथे दुसऱ्यांचे बेअरिंग ऐकत बसलेय आणि तुमची छाती ऐकायला कुणी नाही असं मला नको.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात येते, चैत्रातल्या महाकालीच्या यात्रेपर्यंत राहीन, सुट्टी लिहून घेतलीय. रविवारी फोन करते. 2024 च्या मार्चपासून इथलं घड्याळ बदललंय, पूर्वी आम्ही तुमच्या अर्धा तास पुढे होतो, आता अर्धा तास मागे, तेव्हा तुमचे साडेनऊ म्हणजे माझे नऊ. आई, रडायचं असेल तर आधी रडून घे आणि मग फोन उचल, नाहीतर मीही रडेन आणि बाबा दोघींवर ओरडतील.

तुमची,
छोटी