इंजिनाची घरघर शोधून देणाऱ्या मिस्त्रींना अनावृत पत्र

आदरणीय मिस्त्री,
स. न. वि. वि.

गाडीतल्या ज्या घरघरीने मला वर्षभर बेजार केले होते, तिचे मूळ आपण एका दुपारी शोधून काढलेत, त्याबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडे आलो तेव्हा आणखी ध्वनिरोधक शीट लावून घ्यायचे, हे मी ठरवूनच आलो होतो. त्याआधी दुसरीकडे दारांना आणि डिकीला शीट लावून झाले होते; त्याने दार मिटण्याचा आवाज भारदस्त झाला, घरघर मात्र जिथल्या तिथेच राहिली. आपण माझे सगळे ऐकून घेतलेत आणि गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून मला स्टिअरिंगवर नुसती बोटे टेकवायला सांगितलीत. बोटांना मुंग्या आल्यासारखे वाटले. "हा आवाज हवेतून कमी आणि पत्र्यातून जास्त येतोय," एवढेच आपण म्हणालात.

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या एका फेरीत दोनदा ज्वलन होते, म्हणजे मिनिटाला 800 फेऱ्यांवर इंजिन नुसते घुमत असतानाही सेकंदाला सुमारे 27 धक्के बसतात, आणि ते सांगाड्यापर्यंत पोहोचू नयेत म्हणून मध्ये रबरी माउंटिंग असते. माझे माउंटिंग आपण टॉर्चच्या उजेडात दाखवलेत: रबर एका बाजूला खचलेले, त्यात नख आत जाईल एवढी भेग, आणि लोखंडाला लोखंड घासून कडेला आलेली चकाकी. अशा वेळी दारांवर शीट चढवणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे, हे तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले.

माउंटिंग बदलल्यावर आपण तिथेच थांबू शकला असता. त्याऐवजी बॉनेटखाली टॉर्च लावून मला पेडलपाशी वाकून उजेड दिसतो का ते पाहायला लावलेत, आणि तो दिसला! कधीतरी जादा वायर आत घेताना कोणीतरी फायरवॉलच्या (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याच्या) भोकातले ग्रोमेट, म्हणजे रबरी कडी, काढून भोक तसेच उघडे सोडले होते. पडदा कितीही जाड असला, तरी त्याच्या क्षेत्रफळाच्या 1 टक्का एवढी फट उघडी राहिली, तर एकूण आवाज जेमतेम 20 डेसिबलच अडतो, हे मी नंतर वाचले. आपण ते भोक एका रबरी कडीने मिटवून टाकलेत.

बॉनेटखाली साधा फोम लावण्याचा माझा हट्टही आपण स्पष्ट शब्दांत मोडलात, कारण तो तेल शोषतो आणि गरम भागाजवळ पेट घेऊ शकतो. चढावर इंजिन अजूनही आवाज करते आणि ते तसे करणारच, हेही आपण आधीच सांगितले होते. सिग्नलला उभे असताना आरशातले मागच्या गाडीचे दिवे मात्र आता थरथरत नाहीत.

आपला कृतज्ञ,
एक ग्राहक