नाडी मोजून झाल्यावरही मनगट न सोडणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,

सादर प्रणाम.

आजीला वॉर्डात दाखल केले त्या रात्री आपली रात्रपाळी होती, आणि मी तिच्या खाटेजवळच्या स्टुलावर दोन महाविद्यालयांची माहितीपत्रके मांडीवर घेऊन बसले होते. एक सार्वजनिक विद्यापीठाचे, दुसरे खाजगी संस्थेचे. परिचर्येच्या, म्हणजे नर्सिंगच्या, पदवीसाठी दोन्हीकडे प्रवेश मिळत होता आणि निर्णय कळवायला नऊ दिवस उरले होते. आपण आजीची नाडी पाहायला आलात, घड्याळावर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजलीत, आणि मग मनगट न सोडता आणखी मिनिटभर तशाच उभ्या राहिलात. नाडी मोजून झाली तरी आपण हात का सोडला नाही, असे मी नंतर बाहेर येऊन विचारले, तेव्हा आपण सांगितलेत की त्या वेळी आपण श्वास मोजत होता. कोणी आपला श्वास मोजते आहे हे रुग्णाला कळले की त्याची लय बदलते, म्हणून बोटे नाडीवर तशीच ठेवायची. मग माझ्या हातातल्या कागदांकडे पाहून म्हणालात, “हे यात कुठे लिहिलेले नसेल. हे तुला कोण शिकवणार, ते आधी शोध.”

त्या रात्रीचे आभार मानायचे राहून गेले आणि पाहता पाहता पाच वर्षे उलटली. पदवी पूर्ण झाली, परिचर्या परिषदेकडे परिचारिका म्हणून नोंदणी झाली, आता मी स्वतः वॉर्डात ड्यूटी करते. हे पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण त्या नऊ दिवसांत आपण मला जे विचारायला शिकवलेत ते त्याच पेचात सापडलेल्या इतर मुलामुलींपर्यंत आणि त्यांच्या पालकांपर्यंत पोहोचावे, असे मनापासून वाटते.

तेव्हा मला भेटणाऱ्या प्रत्येकाचे मत ठरलेले होते. सरकारी म्हणजे कमी शुल्क आणि नावाला वजन. खाजगी म्हणजे शिस्त, सोयी आणि वेळेवर लागणारे निकाल. आपण स्वतः सार्वजनिक संस्थेतून शिकला होता, त्यामुळे आपण तिचीच बाजू घ्याल अशी माझी अपेक्षा होती. आपण कोणाचीच बाजू घेतली नाहीत. पहिला प्रश्न मान्यतेचा विचारलात, आणि तोही तीन भागांत: संस्थेला मान्यता आहे का, नेमक्या याच अभ्यासक्रमाला आहे का, आणि जितक्या जागा भरल्या जात आहेत तितक्या जागांना आहे का. परिचारिकेची पदवी हातात पडून भागत नाही, तिच्यावर नोंदणी व्हावी लागते. भारतात १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली ती या शिक्षणाच्या दर्जावर देखरेख ठेवण्यासाठीच. अमेरिकेत राज्याच्या परिचर्या मंडळाने मंजूर न केलेल्या अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला सहसा परवाना परीक्षेलाही बसता येत नाही. आपल्या सांगण्यावरून मी खाजगी संस्थेत मान्यतेचे पत्र पाहायला मागितले. प्रवेशाच्या टेबलावरच्या गृहस्थांनी आधी “सगळे आहे, काळजी करू नका” असे म्हटले आणि पुष्कळ वेळाने जे पत्र दाखवले ते मागच्या वर्षीचे होते, जागांचा आकडाही कमी होता. चालू वर्षाचे पत्र तिसऱ्या दिवशी मिळाले आणि ते योग्य होते. पण मागितल्याशिवाय ते कोणी दाखवले नसते, हे मला तेव्हा कळले.

दुसरा प्रश्न रुग्णालयाचा होता आणि आपण त्याच्यावर सर्वांत जास्त वेळ घालवलात. खाटा किती हे विचारू नकोस, भरलेल्या खाटा किती हे विचार. तिथे आणखी किती महाविद्यालयांचे विद्यार्थी येतात ते विचार. आणि शक्य असेल तर सकाळी दहा वाजता जाऊन स्वतः उभी राहा. मी दोन्हीकडे परवानगी काढून गेले. खाजगी महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात एका खाटेभोवती दोन वेगवेगळ्या गणवेशांतले अकरा विद्यार्थी उभे होते. एका मुलीने रक्तदाब मोजला आणि उरलेल्या दहा जणांनी तिने सांगितलेला आकडा आपापल्या वहीत उतरवून घेतला. सार्वजनिक महाविद्यालयाच्या रुग्णालयात वॉर्ड ओसंडून वाहत होता. शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी एकामागून एक ड्रेसिंग करत होती, तिचा हात सफाईदार चालत होता, पण तिच्या शेजारी ट्यूटर नव्हते. “मॅडम कुठे आहेत?” असे विचारले तर ती म्हणाली की पद रिकामे आहे, आणि पुढच्या खाटेकडे वळली. आपण करतो ते बरोबर आहे की चूक, हे तिला सांगणारे त्या सकाळी कोणी नव्हते.

मी गोंधळून परत आले. आपल्याला मात्र नवल वाटले नाही. विद्यार्थ्यांना शिकवायचे की त्यांच्याकडून काम करून घ्यायचे, हे भांडण या पेशाच्या शिक्षणाइतकेच जुने आहे, असे आपण म्हणालात आणि चहाच्या सुट्टीत मला त्याचा इतिहास सांगितलात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची शाळा १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झाली ती लोकवर्गणीच्या निधीतून. पुढे जागोजागी रुग्णालयांनी स्वतःच्या शाळा काढल्या आणि विद्यार्थिनी म्हणजे कमी पैशांत मिळणारे मनुष्यबळ, असा प्रकार वाढत गेला. अमेरिकेत १९२३ साली एका अभ्यास समितीने आपल्या अहवालात यावर बोट ठेवले आणि परिचर्येचे शिक्षण विद्यापीठाशी जोडण्याचा आग्रह धरला. विद्यापीठाचा भाग म्हणून अखंड चालत आलेली पहिली परिचर्या शाळा मात्र त्याआधीच, १९०९ मध्ये, मिनेसोटा या सार्वजनिक विद्यापीठात निघाली होती, आणि अहवालाच्याच वर्षी येल या खाजगी विद्यापीठाने स्वतंत्र डीन असलेली परिचर्या शाळा उघडली. म्हणजे या पदवीची मुळे दोन्ही अंगणांत आहेत. ही माहिती प्रवेशाच्या कामाची नव्हती असे कोणी म्हणेल, पण माझ्या डोक्यातला “सरकारी विरुद्ध खाजगी” हा सामना तिथेच सैल झाला.

एका बाबतीत आपण मला चांगलेच दुरुस्त केलेत. खाजगी महाविद्यालयाची कौशल्य प्रयोगशाळा, तिथले श्वास घेणारे, घाम येणारे, हृदयाचे ठोके ऐकवणारे पुतळे, हा सगळा देखावा आहे असे मी ठरवून टाकले होते. आपण सांगितलेत की अमेरिकेतल्या राज्य परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने दहा अभ्यासक्रमांतल्या विद्यार्थ्यांवर मोठा अभ्यास केला आणि २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. वॉर्डातल्या शिक्षणाचे निम्म्यापर्यंतचे तास अशा सरावाला दिले तरी विद्यार्थी मागे पडले नाहीत. मात्र सराव घेणारे शिक्षक त्यासाठी तयार केलेले होते आणि प्रत्येक सरावानंतर बसून चुकांची नीट चर्चा होत होती. ब्रिटनमध्ये नोंदणीसाठी प्रत्यक्ष कामाचे २,३०० तास लागतात आणि त्यांतले ६०० पर्यंतचे तास सरावाने भरता येतात. तेव्हा पुतळा किती महागाचा हे पाहू नकोस, सराव संपल्यावर काय होते ते पाहा, असे म्हणून आपण मला पुन्हा तिथे पाठवलेत. मी गेले आणि जे पाहिले ते अजून आठवते. पुतळ्याची प्राणवायूची पातळी घसरत असताना एक मुलगी औषधांच्या ट्रेकडे धावली होती आणि खाटेची डोक्याकडची बाजू उचलायची राहून गेली होती. शिक्षिकेने तिला रागावले नाही. सगळ्यांना गोल बसवून, “तू आधी काय पाहिलेस? मग काय वाटले?” असे विचारत तिला स्वतःची चूक स्वतःच्या तोंडून सांगू दिली. अर्धा तास गेला असेल. शिकवणे काय असते, हे मी त्या खोलीत पाहिले. सार्वजनिक महाविद्यालयात तसे काही नव्हते, हेही मला इथे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

निकालांच्या टक्केवारीबद्दल आपण थोडक्यातच बोललात, पण ते वाक्य मी आजही सर्वांना सांगते: “उत्तीर्ण किती हे सगळे सांगतात, भरती किती झाले होते ते विचार.” कच्च्या विद्यार्थ्यांना परीक्षेलाच न बसवता आकडा उंच ठेवता येतो. म्हणून पहिल्या वर्षाला आलेल्या शंभरांपैकी ठरलेल्या मुदतीत पदवी घेऊन किती बाहेर पडले आणि त्यांतल्या किती जणांची नोंदणी झाली, एवढेच विचारायचे. एका ठिकाणी उत्तर लगेच मिळाले, दुसरीकडे मला चार दिवस फिरावे लागले. कोणती संस्था कोणती, हे सांगून उपयोग नाही. दोन्ही प्रकारच्या संस्थांत दोन्ही अनुभव येतात.

पैशांचा हिशेब आपण नर्सिंग स्टेशनवरच्या रिकाम्या चार्टच्या पाठीमागे करून दाखवलात. पहिल्या वर्षाच्या शुल्कावर हिशेब करू नये. वसतिगृह, गणवेश, रुग्णालयात जाण्यायेण्याचा खर्च, परीक्षा, नोंदणी, सगळे धरून पूर्ण पदवीची बेरीज करावी आणि तिला सुरुवातीच्या पगाराने भागावे. खाजगी पदवीचे कर्ज फेडायला मला कितीतरी वर्षे लागणार होती आणि तेवढी वर्षे मी पगार पाहूनच नोकरी धरणार होते, वॉर्ड पाहून नाही. पण स्वस्त शिक्षणालाही कधीकधी बंधपत्र जोडलेले असते, पदवीनंतर काही काळ सांगतील तिथे काम करण्याचे. ते वाचल्याशिवाय सही करू नकोस, असे आपण बजावलेत. माझ्या बाबतीत तशी अट होती. मी ती वाचली, आणि मला ती जड वाटली नाही.

निर्णयाच्या आदल्या दिवशी मी थकून विचारले की एवढे करून फरक तरी किती पडतो, शेवटी पदवी ती पदवीच. त्यावर आपण थोड्या गंभीर झालात. युरोपातल्या ९ देशांतल्या ३०० रुग्णालयांचा आणि चार लाखांहून अधिक शस्त्रक्रियांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचा दाखला दिलात: पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दर १० टक्क्यांनी वाढले, तिथे रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी आढळली, आणि एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की ती तेवढीच वाढलेली आढळली. त्या परिचारिका सरकारी महाविद्यालयांतून शिकल्या की खाजगी, यावर तो आकडा उभा नाही. तो आकडा वाचताना तुझ्या आजीच्या खाटेवर बोट ठेव, असे आपण म्हणालात. मी त्यानंतर “पदवी ती पदवीच” असे कधी म्हटले नाही.

मी सार्वजनिक महाविद्यालय निवडले. कर्जाचा भार हे एक कारण होतेच, पण तराजू झुकला तो आपल्या एका बोलण्याने. शिक्षक कमी असतील तर ती उणीव विचारून विचारून थोडीफार भरून काढता येते, रुग्णच वाट्याला आले नाहीत तर विचारायचे कोणाला आणि काय? त्याचबरोबर आपण हेही सांगितलेत की हे उत्तर माझ्यासारख्या पुढे होऊन बोलणाऱ्या मुलीसाठी आहे. माझी मैत्रीण बुजरी होती, चुकण्याच्या भीतीने तिचा हात थरथरायचा. तिने तीच खाजगी संस्था निवडली, त्या शिक्षिकेमुळे. आज ती अतिदक्षता विभागात काम करते आणि आणीबाणीत माझ्यापेक्षा शांत असते. तिचे कर्ज अजून फिटलेले नाही, पण निवड चुकली असे तिला वाटत नाही आणि मलाही वाटत नाही.

माझी पहिली दोन वर्षे सोपी गेली नाहीत. ट्यूटरची पदे पुष्कळ काळ रिकामीच राहिली. आपण सांगितल्याप्रमाणे मी प्रत्येक पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरकडे जाऊन, “मी केलेले एक काम रोज तपासाल का?” असे विचारत असे. काहींनी उडवून लावले. बहुतेकींनी तपासले. कॅथेटर (लघवीची नळी) घालण्याच्या माझ्या पहिल्या प्रयत्नात निर्जंतुक हातमोज्याचा स्पर्श चादरीला झाला होता, मला ते कळलेही नव्हते. इन्चार्ज सिस्टरनी एक शब्द न बोलता नवा संच माझ्यापुढे ठेवला, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. लॉगबुकात त्या दिवशी एकच सही मिळाली, पण ती खरी सही होती.

गेल्या आठवड्यात आमच्या वॉर्डात पहिल्या वर्षाची एक मुलगी आली. नाडी मोजून तिने रुग्णाचा हात खाली ठेवला आणि त्यांच्या छातीकडे टक लावून श्वास मोजू लागली. ते आजोबा अवघडले, भराभर श्वास घेऊ लागले. मी तिची बोटे उचलून पुन्हा मनगटावर ठेवली आणि बाहेर आल्यावर कारण सांगितले. तिने वहीत लिहून घेतले आणि विचारले, “हे तुम्हाला कुठल्या कॉलेजात शिकवले?”

मी तिला आपले नाव सांगितले.

आपली ऋणी,
त्या रात्री स्टुलावर बसलेली मुलगी