तुम्ही माझ्या मुलीला प्रेमकथा वाचू दिल्यात

आदरणीय ग्रंथपाल ताईंस,
सादर नमस्कार.

माझ्या मुलीला मंत्रचळाचा, म्हणजेच डॉक्टर ज्याला ओसीडी म्हणतात त्याचा, त्रास आहे हे कळल्यावर तिने काय वाचावे याबद्दल सल्ला देणारे पुष्कळ भेटले. बहुतेकांचे म्हणणे एकच होते : अशा मुलीच्या हाती १६-१७ व्या वर्षी प्रेमकथा देऊ नका. दांडिया बाजारातल्या आपल्या वाचनालयात तुम्ही त्या तिला दिल्यात आणि तिच्याशी त्यांवर बोलत राहिलात, म्हणून हे आभार चारचौघांसमक्ष मानावेसे वाटले.

त्या काळात ती ज्या इंग्रजी किशोर-कादंबऱ्या वाचत होती, त्यांतल्या कित्येकींचा साचा ठरलेला असे. मुलगी आजारी, मग एक समजूतदार मुलगा येतो, गोळ्या टेबलाच्या खणात पडून राहतात, डॉक्टर एक तर नसतातच किंवा निर्बुद्ध असतात, आणि शेवटी त्या मुलाच्या सहवासात आजार निघून जातो. तुम्ही या पुस्तकांना नावे ठेवली नाहीत. तुम्ही तिला एवढेच विचारलेत, ‘‘हा मुलगा कधी थकतो का गं? त्याची परीक्षा कधी असते?’’ त्या प्रश्नावर ती घरी येऊन बराच वेळ माझ्याशी बोलली. असा न थकणारा मुलगा आपल्याला मिळाला नाही तर आपण बऱ्याच होणार नाही, अशी भीती तिच्या मनात बसली होती, हे मला तेव्हा प्रथम समजले.

नंतर तुम्ही तिला अमेरिकी लेखक जॉन ग्रीन यांची २०१७ सालची ‘टर्टल्स ऑल द वे डाउन’ ही कादंबरी दिलीत. लेखकाला स्वतःला ओसीडी आहे, आणि १६ वर्षांच्या एझाची गोष्ट वाचताना ते जाणवते. एझाला एक मुलगा मनापासून आवडतो, तरीही चुंबन घेताना त्याच्या तोंडातले जंतू आपल्या शरीरात गेले या विचारातून तिची सुटका होत नाही. प्रेम खरे आहे आणि आजारही खरा आहे, एकामुळे दुसरे खोटे ठरत नाही, हे माझ्या मुलीला कोणाच्या उपदेशातून पटले नसते.

याहून मोठे ऋण दुसऱ्याच गोष्टीचे आहे. अनेकांनी हाताळलेले पुस्तक धरताना ती ओढणीचे टोक मध्ये घेत असे, आणि साबणाने तिच्या बोटांची पेरे भेगाळलेली असत. तुम्ही ते पाहिलेत आणि डॉक्टरांचे काय सांगणे आहे ते आधी मला विचारलेत. ज्याची भीती वाटते त्याला टप्प्याटप्प्याने सामोरे जायचे आणि त्यानंतर हात धुण्याची ओढ तशीच सोसायची, असे तिचे उपचार चालू होते. घरच्यांनीही तिच्या सोवळ्यात सामील व्हायचे नव्हते. पुढच्या वेळी, तिची तयारी आहे हे विचारूनच, तुम्ही पुस्तकाला नवे कव्हर न घालता कोपरे झिजलेली तीच प्रत पुढे केलीत आणि ती हात पुढे करीपर्यंत शांतपणे थांबलात. कादंबऱ्यांतला प्रियकर नेमके उलट करतो. तो तिच्यासाठी दारे उघडतो, वस्तू पुसून देतो, दहादा ‘काही होणार नाही’ म्हणतो, आणि वाचकाला त्यातच प्रेम दिसते. अशा प्रत्येक दिलाशाने हा आजार अधिक घट्ट होतो, हे मला कोणत्याही प्रेमकथेत वाचायला मिळाले नव्हते. तुमच्या त्या थांबण्यात ते दिसले.

मृत्यूला प्रेमाचा पुरावा म्हणून सजवणारी पुस्तके तुम्ही वेगळी ठेवत होता आणि मुलांना ती एकट्याने वाचू देत नव्हता, याचाही उल्लेख करायला हवा. जर्मन लेखक ग्योटेच्या १७७४ सालच्या ‘वेर्थर’ या कादंबरीपासून, जिचा नायक प्रेमापायी आत्महत्या करतो, ही काळजी चालत आली आहे आणि ती अनाठायी नाही. त्या कपाटावर तुम्ही टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चिकटवलात. इतर वाचनालयांनीही तो लावावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मुलीचे उपचार अजून चालू आहेत. औषधांचा परिणाम दिसायलाच आठ ते बारा आठवडे लागू शकतात, तेव्हा घाई कोणाला करणार? पण या नवरात्रात गरब्याला निघताना, आपल्याला आवडणाऱ्या मुलाला तिने फोनवर सांगितले, ‘‘मी सॅनिटायझर मागितलं तर देऊ नकोस, नुसता थांब माझ्यापाशी.’’ हे मी तिच्या परवानगीने लिहीत आहे, आणि हे तिने तुमच्याकडून घेतले आहे असे तीच म्हणाली.

आपली कृतज्ञ,
एका वाचक मुलीची आई, वडोदरा