पिल्लूची सीट मी बदलते आहे

प्रिय आई-बाबा,

समोर बसून हे मला नीट बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते. बाबा, गाडीची काच फुटली यात तुमची काही चूक नाही. ‘मीच तिथे लावायला नको होती’ हे चार दिवस चाललंय, ते आता बंद करा.

पण पिल्लूची लहान मुलांची सीट मी गाडीतून काढली आहे आणि नवी मागवलीही आहे. तुम्ही दोघांनी जुनी घासूनपुसून लख्ख केलीत, त्यामुळे हे लिहिताना जीव अडखळतोय. परवा रात्री तुम्ही झोपल्यावर मी टॉर्च घेऊन खाली गेले. कव्हर काढलं, सीट उलटी करून थोपटली. काचेचे दोन खडे पडले. मग बकलमध्ये उजेड टाकला, तर लाल बटणाखालच्या खाचेत टाचणीच्या डोक्याएवढी काच चमकत होती. काही केल्या निघेना. गाडीच्या बाजूच्या टफन्ड काचेचे फुटल्यावर असे बारीक खडे होतात आणि फटीफटीत जाऊन बसतात. बकल अजून टक्कन लागतं, पण ऐन धक्क्याला धरेल का, ही शंका मनात ठेवून मी तिला त्यात बसवू शकत नाही. सीटच्या कंपनीला फोटो पाठवले, त्यांनीही वापरू नका असंच कळवलं.

आई, पट्टे तू किती मनापासून साबणात भिजवलेस. पुस्तिकेत ते नुसते ओल्या फडक्याने पुसायला सांगितलंय, भिजवले की वीण कमजोर होऊ शकते. ते पान मीच तुला दाखवायला हवं होतं.

बाबा, माझ्या टाचेत काच गेली होती तेव्हा चष्मा कपाळावर चढवून, माझा पाय मांडीवर घेऊन तुम्ही तासभर सुईने शोधत होतात. मी रडून थांबले तरी म्हणालात, ‘अजून एक आहे.’ आणि होतीच.

नवी सीट दाराकडे फिरते, म्हणजे पिल्लूला बसवताना तुम्हाला कमरेत वाकावं लागणार नाही. पैशांचा विषय काढायचा नाही. सीट येईपर्यंत तिला मीच सोडेन, तुम्ही सकाळचा चहा निवांत घ्या. आली की मी येईपर्यंत बसवू नका. बसवल्यावर गाडीला जिथे बांधली आहे तिथे धरून हलवायची, अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. पिल्लूच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत आला तर तो सैल आहे. आणि जाड स्वेटर घालून बसवायचं नाही, आई, कितीही थंडी असली तरी.

जुनीचे पट्टे मी कापणार आहे, म्हणजे दुसरं कुणी उचलून वापरणार नाही. बाबा, पाळण्याच्या वेळी केलंत तसं ती माळ्यावर नेऊन ठेवू नका. गाडीच्या मागच्या सीटच्या फटीतही हात घालू नका, तिथे अजून काच असेल. मी माणूस बोलावलाय.

आईच्या बोटाला लागलंय. ती ‘काही नाही’ म्हणेल. तुम्ही पट्टी सोडून स्वतः बघा आणि मला आजच फोन करा.

तुमची,
ताई